एकोणीस कंद

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज एका आजींनी माझ्या टेबलासमोर चपला काढल्या. वाळक्या फुलाच्या कागदासमोर! तीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. लोक आमच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात येतात, डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकतात, "सगळं मेलेलंच का हो इथे?" हा ठरलेला विनोद करतात आणि जातात.

आजी डोंगरातल्या. बरोबर त्यांच्या वकीलबाई. आजींच्या लोकांचा अर्ज आयोगापुढे आहे. सत्तर वर्षांपूर्वी त्यांचं रान राखीव झालं. सरकारी कागदात लिहिलं — 'निर्मनुष्य अरण्य'. आणि मग त्या निर्मनुष्य अरण्यातून तीनशे माणसांना उठवलं! आता नवा कायदा म्हणतो, तेव्हा तिथे राहत होता हे दाखवा आणि परत जा. दाखवणार काय? घरं जाळली, कागद कधी नव्हतेच. वकीलबाईंना वाटलं, त्या काळी त्या रानातून गोळा केलेल्या झाडपाल्यात एखादं शेतातलं पीक सापडेल. म्हणजे शेत होतं, म्हणजे माणसं होती. हुशार बाई. पण दोन तास कपाटं उपसून काही सापडलं नाही.

निघताना आजी माझ्या टेबलाशी थांबल्या. एका पांढऱ्या फुलाचा दोरा सुटला होता, तो मी शिवत होते. आजींनी चपला काढल्या. म्हणाल्या, "ह्याची उशाची बाजू कुठली?"

मी म्हटलं, "फुलाला कसलं उसं?"

वकीलबाईंना गाडी गाठायची होती. गेल्या दोघी.

उसं! फुलाला! ताईला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "शिरला किडा डोक्यात. आता उद्या भाजीत मीठ नसणार."

बुधवार, ५ फेब्रुवारी

मीठ नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रजिस्टर काढलं. ते पांढरं फूल त्या रानातून एकदा नाही, एकोणीस वेळा आलंय! सगळे कागद एकाच माणसाने गोळा केलेले. त्याला मी आणि आमचे मास्तर 'फुलवेडा' म्हणायचो. (मास्तर म्हणजे मला हे काम शिकवणारे. आता नाहीत. असते तर आज पहिल्यांदा त्यांच्याकडेच धावले असते.) राखीव व्हायच्या आधीचे दोन हिवाळे हा माणूस त्या रानात हिंडत होता.

दुसऱ्या झाडांचे त्याने एक-दोन नमुने आणले, आणि याचे एकोणीस. प्रत्येक मुळासकट, कंद उभा चिरून, दोन अर्धुकं शेजारी शेजारी. नमुन्याची चिठ्ठी मात्र तीन ओळींची — ठिकाण, तारीख, क्रमांक. एवढे कशाला रे बाबा? मास्तर म्हणायचे, नवी जात सापडली असं वाटून झपाटला असेल.

पण उसं? वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, आजींना परत आणा. त्या म्हणाल्या, "काही सापडलं का?" आता काय सांगू? सापडलंय की नाही हेच मला कळत नाहीये.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कळलं. कळायला नको होतं असंही एक क्षण वाटलं.

आधी आजी. दोन जिने चढून आल्या, श्वास जागच्या जागी. मी धापा टाकत दार उघडलं — आणि मी तर वरच होते! म्हटलं, "आजी, वय काय तुमचं?" म्हणाल्या, "सत्तर असेल, एकाहत्तर असेल. माझं मरण चोरीला गेलंय बाई, आई सांगायची. म्हणून चालतेय." असं म्हणून स्वतःच खुदखुदल्या. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला काही धरबंध नसतो. मीही हसले.

मग एकोणीसही कागद टेबलांवर मांडले. आजी प्रत्येकासमोर थांबल्या. हात लावला नाही. मग खुर्चीवर बसून सावकाश सांगितलं. त्यांच्यात माणूस पुरला की उशाशी हा कंद लावतात. मेलेल्याच्या आईच्या दारातला. "रानातला नाही हा," आजी म्हणाल्या. "हाताने लावल्याशिवाय हा एक पाऊल पुढे सरकत नाही. हे फूल दिसलं की खाली माणूस आहे समजायचं. आम्ही वळसा घालून जातो."

म्हणजे एकोणीस फुलं, एकोणीस माणसं. आणि फुलवेड्याने एकोणीस जणांच्या उशाशी खणलं.

आणि मी? तीस वर्षं मी त्यांना शिवतेय, डिंक लावतेय, बुरशी आली की पुसतेय. देखणं फूल म्हणून पाहुण्यांना मुद्दाम दाखवतेय! मला लाज वाटली. तसं मी आजींना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तू काय केलंस? शिवलंसच ना. फाडलं नाहीस."

वकीलबाई मात्र ताडकन उठल्या. "हे झाड बी धरतच नाही, माणसाने लावल्याशिवाय पसरत नाही, हे दाखवता येईल?"

माझी जीभ! मी म्हटलं, "अहो, एकाही पुडीत बी नाही. मला सगळ्या पुड्या पाठ आहेत!"

पुडी म्हणजे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चिकटवलेली कागदी घडी. वाळक्या झाडाचं पान तुटलं, बी सांडलं, तर ते त्या पुडीत टाकायचं. मास्तरांचा पहिला धडा — पडलेलं काही फेकायचं नाही.

सुनावणी वीस तारखेला आहे. तिथे सिद्ध झालं नाही तर अर्ज निकाली. पुन्हा करता येत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आमच्या साहेबांना सांगितलं. ते शिकलेले वनस्पतीवाले, मी नुसती चिकटवणारी. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, असे कंद असतात. फुलतात, पण बी धरत नाहीत. माणसाबरोबर फिरतात, माणूस थांबला की थांबतात. आजी जे एका वाक्यात बोलल्या तेच साहेब पाऊण तास बोलले.

दाखला द्यायला तयार झाले. 'एकाही नमुन्यात बी आढळले नाही.' पण मी आधी एकोणीसही पुड्या उघडून बघायच्या आणि लेखी द्यायचं.

"बघायला कशाला हव्यात?" मी म्हटलं.

"बघा हो," साहेब म्हणाले. ते दुधाने तोंड भाजलेले आहेत. ताकही फुंकून पितात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अकराव्या पुडीत तीन बिया.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काळ्या, चपट्या, कडेला कागदासारखी पातळ झालर असलेल्या. काल पुढे लिहवलं नाही.

बी आहे म्हणजे झाड आपलं आपण पसरतं. मग ती एकोणीस माणसंही गेली. निर्मनुष्य ते निर्मनुष्यच.

कुणी बघितलं नव्हतं. पुडी माझ्या हातात, खोलीत मी एकटी, वर पंखा. पुडी नुसती उघडी धरून उभी राहिले असते तरी काम झालं असतं. माझा दोषही नाही, वाऱ्याचा! हा विचार माझ्या डोक्यात आला हे इथे लिहून ठेवते. बराच वेळ होता. मग उठून पंखा बंद केला.

पण एक गोष्ट टोचतेय. आजी म्हणतात हाताशिवाय सरकत नाही. साहेब म्हणतात बी धरत नाही. अठरा पुड्या म्हणतात नाही. मग ही एकच पुडी कशी म्हणते आहे? खोटं कोण बोलतंय? बी तर खोटं बोलत नाही!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खोटं मी बोलले! सव्वीस वर्षांपूर्वी!

अकरावा कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने तारीख आणि माझी सही. पाणी गळलं त्या वर्षीची. छत गळून दोन कपाटं भिजली होती, मी आणि मास्तर आठवडाभर कागद वाळवून नव्याने चिकटवत होतो. टेबलावर सगळी भाऊगर्दी.

मग रजिस्टर घेऊन त्याच तारखेचे, माझ्याच सहीचे सगळे कागद काढले. चौदा. बारावा एका पिवळ्या फुलाचा, दुसऱ्याच मुलखातला. त्याला एक बोंड, तडकलेलं. भिंगाखाली धरलं, तर आत अजून दोन बिया अडकलेल्या. काळ्या, चपट्या, झालरीच्या. हुबेहूब! आणि त्याची पुडी रिकामी.

टेबलावर तीन बिया सांडलेल्या मला दिसल्या असणार. पडलेलं काही फेकायचं नाही! मी इमानदारीने उचलल्या आणि शेजारच्या कागदाच्या पुडीत टाकल्या. धडा पाठ होता, पण पुडी चुकली.

एक मिनिट एवढा आनंद झाला की भिंग खाली पडलं. (फुटलं नाही.) दुसऱ्या मिनिटाला सहीकडे पुन्हा लक्ष गेलं. आता हे सांगायचं कसं? सांगितलं तर समोरचा वकील विचारणार — आणखी किती पुड्या चुकल्या, बाई?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनीही भिंगातून पाहिलं. "बिया पिवळ्या फुलाच्याच. शंका नाही." मग दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "मग टाका ना त्यांच्या पुडीत परत. चूक होती, दुरुस्त झाली. आयोगाला सांगून काय मिळणार? हात दाखवून अवलक्षण! सात महिने राहिलेत तुमचे. सुखाने निवृत्त व्हा."

खोटं काय होतं त्यात? बिया जागेवर जाणार, आजींचा अर्ज तरणार, माझी लाज राहणार, संग्रहाचं नाव राहणार. सगळ्यांचं भलं! म्हणूनच मला ते आवडेना.

घरी ताईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं पचवायला पोट लागतं. तुला दूध पचत नाही."

सोमवार, १७ फेब्रुवारी

आमच्या कामात जुन्या चिठ्ठीला कधी हात लावायचा नसतो. नवं काही कळलं तर खाली दुसरी चिठ्ठी चिकटवायची — काय कळलं, कुणाला, कधी. खोडायचं काही नाही. चुकासुद्धा जागच्या जागी राहतात. मास्तर म्हणायचे, खोडाखोड केलेला कागद आणि उपटलेलं शेत, दोन्ही सारखी.

अकराव्या कागदावर नवी चिठ्ठी लावली. 'या पुडीतील तीन बिया माझ्या चुकीने येथे आल्या. मूळ नमुना पिवळ्या फुलाचा, क्रमांक शेजारी दिला आहे.' सही, तारीख. बिया हलवल्या नाहीत. आयोगालाच हलवू देत.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग आपल्या दाखल्यात एक परिच्छेद वाढवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा भला माणूस.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सुनावणी. पाचावर धारण बसली होती. लांबट खोली, हिरवं बनातीचं कापड, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत एक थकलेले गृहस्थ, सारखे घड्याळ न बघण्याचा प्रयत्न करणारे. एकोणीस कागद मी स्वतः पेट्यांत घालून मांडीवर नेले. आजी मागच्या बाकावर.

समोरचा वकील अगदी मऊ आवाजाचा. "म्हणजे बाई, तुमच्या संग्रहात कुठली वस्तू कुठे जाईल याचा नेम नाही?"

"नेम आहे," मी म्हटलं. "नसता तर सव्वीस वर्षांची चूक दोन दिवसांत सापडली नसती."

हे मी बोलले! घरी येऊन ताईला तीनदा सांगितलं.

मधल्या गृहस्थांनी भिंग मागवलं. बिया पाहिल्या, बोंडातल्या पाहिल्या, पुन्हा बिया. चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग विचारलं, "ही चिठ्ठी लावा असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तशी पद्धत आहे."

पहिल्यांदाच ते घड्याळ विसरले. म्हणाले, हे झाड माणसाच्या हाताने लावलेलं होतं, हे आयोगाला मान्य.

मी मागे वळून आजींकडे बघून हसणार, तोच — "परंतु". सगळं या शब्दात असतं. माणसाने लावलं, कबूल. पण कुठल्या माणसाने? वाटसरू असतील. शिकारी असतील. अर्जदारांपैकी एकाचा तरी त्या जागेशी संबंध दाखवणारं काही आहे? अर्जदारांच्या जबाबाखेरीज. एक तरी माणूस.

वकीलबाई म्हणाल्या, आजींचा जन्मच तिथला, तीन वर्षांपूर्वीच्या जबाबात सगळं सांगितलंय. समोरचा वकील मऊपणे म्हणाला, त्या जबाबाची निम्मी पानं आयोगाने तेव्हाच 'अप्रस्तुत' शेरा मारून बाजूला काढली आहेत, दंतकथा म्हणून.

अठ्ठावीसपर्यंत मुदत. शेवटची.

जिन्यात मला रडू आलं, रागाचं. वाटसरू! वाटसरू काय आपल्या आईच्या दारातले कंद खिशात घेऊन फिरतात? आजीच माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. हे उलटंच झालं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फुलवेडा तिथे गेला. दोन हिवाळे राहिला. काहीतरी बघितलं असेल ना त्याने? चिठ्ठीवर तीन ओळी लिहिणारा माणूस वहीत तीस ओळी लिहितो, हे मला माहीत आहे. क्रमांक चिठ्ठीवर आहे, म्हणजे क्रमांकांची वही असणारच. कुठे आहे?

सोमवार, २४ फेब्रुवारी

काखेत कळसा! वही साहेबांच्याच कपाटात, वरच्या फळीवर, त्यांच्या छत्रीखाली. कागदांवर आपल्याकडे लक्ष असतं, वह्या कुणी उघडत नाही.

अक्षर मुंगीएवढं. दुपारभर वाचलं. कंदांच्या नोंदी एकेक करून उतरवून घेतल्या.

'मातीच्या लांबट उंचवट्याच्या पूर्व टोकाला.' पुढची नोंद — 'उंचवटा, पूर्व टोकाला.' त्यापुढची — 'तसाच उंचवटा. पूर्वेस.' अठरा वेळा! अठरा वेळा त्या माणसाने माणसाएवढा मातीचा उंचवटा पाहिला, त्याचं टोक होकायंत्राने मोजलं, वहीत टिपलं आणि खणलं. खाली काय आहे हे त्याला कळलं नसेल? कळलं असणार. मला त्या मुंगीएवढ्या अक्षराची शिसारी आली. आणि तरी हेही खरं की त्याने लिहून ठेवलं नसतं तर आज माझ्या हातात काही नव्हतं. या माणसाचं करायचं तरी काय?

'ह्याची उशाची बाजू कुठली?' पूर्व, आजी. अठराही जणांची पूर्व.

पण वाटसरूंचा मुद्दा तसाच राहतो. मेलेल्यांना नावं नाहीत.

आणि एकोणिसावी नोंद वेगळीच आहे. क्रमांक ४१२. 'उंचवटा नाही. कंद नुकताच लावलेला, माती ओली, भोवती सात पांढरे गोटे. झऱ्याकाठी, दुभंगलेल्या खडकाच्या पायथ्याशी. पहाटे काढला.' रान राखीव होण्याच्या चार महिने आधीची तारीख.

उंचवटा नाही म्हणजे खाली कुणीच नाही. मग उसं कुणाचं? मेल्याशिवाय कुणी कंद लावतं का? ताई म्हणाली, "मला काय विचारतेस? ज्यांचं आहे त्यांना विचार." बरोबर आहे. आजी परवा येणार आहेत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

अजून उद्याच आहे. साहेबांनी दोनदा विचारलं, "विचारलंत का?" तेही झपाटले!

बुधवार, २६ फेब्रुवारी

४१२ टेबलावर ठेवला आणि नोंद वाचून दाखवली. गोटे, झरा, खडक. आजींनी मला थांबवलं. "सात गोटे?"

"सात."

"पहाटे काढला?"

मग त्या हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत! तान्हं मूल आजारात वाचेना असं झालं की त्यांच्यात आई आधीच, पुरायच्या जागी, कंद लावून ठेवते. आजी सात दिवसांच्या होत्या, ताप उतरत नव्हता. दिवसाला एक गोटा. सकाळी आई बघते तो खड्डा रिकामा, कंद गायब. म्हणाली, हिचं मरण कुणी उपटून नेलं, आता पोर जगणार. पुन्हा लावला नाही.

वकीलबाईंनी पिशवीतून जबाबाची ती बाजूला काढलेली पानं काढली. तीन वर्षांपूर्वीची, अंगठ्यासह. झरा, दुभंगलेला खडक, सात पांढरे गोटे. वर लाल शाईत — 'अप्रस्तुत'. त्यांनी ते पान वहीशेजारी ठेवलं. वही तर परवापर्यंत छत्रीखाली बंद होती.

आजी कागदाकडे बघत होत्या. "इथे होतं होय माझं मरण," म्हणाल्या. "चांगलं जपलंस ग."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या आयोगात जायच्या आधी ४१२वर नवी चिठ्ठी लावली. जुनीला धक्का न लावता, खाली. आजींचं पूर्ण नाव, आईचं नाव, झऱ्याचं नाव, तारीख, माझी सही. शेवटच्या रकान्यात आजपर्यंत या संग्रहात कुणी न लिहिलेला शब्द लिहिला.

हयात.